मारुती बघून ये

पावसाळ्यात गंगेला पाणी वाढायला लागलं की अप्पा मला दर अर्ध्या तासानं मारुती बघायला पाठवायचे. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, आणि रामकुंडाच्या खालच्या अंगाला पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे, दोन्हीकडे तोंड असलेला, चांगला उंच, आणि पूर किती आला हे आकड्यात विचारायच्या आधी लोक इथं त्याच्यावरूनच विचारतात, पाणी कुठपर्यंत आलं, गुडघ्याला का कमरेला का छातीला. आमचं फोटोचं दुकान भांडी बाजारातून सराफ बाजाराकडे जाताना आत वळणाऱ्या एका गल्लीत, म्हणजे खालच्या भागात. त्यामुळे मारुतीची कमर भिजली की अप्पा खालच्या कपाटातले फोटोपेपरचे बॉक्स माळ्यावर चढवायला घ्यायचे. मी छत्री घेऊन पळायचे, बघायचे, पळत परत यायचे, "गुडघ्याच्या वर आहे अप्पा", आणि मी हे सांगेपर्यंत तिकडे पाणी अजून वीतभर वाढलेलं असायचं, हे तेव्हा मला कळायचं नाही पण अप्पांना कळायचं, म्हणून ते माझ्या उत्तरात स्वतःच्या मनानं थोडं पाणी मिसळून मग ठरवायचे.

हे आज लिहायचं कारण म्हणजे मी गेली दहाबारा वर्षं तेच काम एका स्क्रिप्टकडून, म्हणजे मीच लिहिलेल्या एका छोट्या प्रोग्रामकडून, करून घेतेय. दुकानात एक फोल्डर आहे, त्याचं नाव "आलेले". काउंटरवरच्या विंडोजच्या मशीनवरून गिऱ्हाईकाचे फोटो त्यात पडतात, आतल्या खोलीत लिनक्सचं, म्हणजे विंडोजऐवजी दुसऱ्या सिस्टिमवर चालणारं, एक मशीन आहे त्याच्यावर हे फोल्डर आहे आणि नेटवर्कवर शेअर केलंय, आणि त्याच मशीनवर एक स्क्रिप्ट फोल्डरकडे नजर लावून बसते, नवीन फोटो आला की साईज लावते, रंग थोडा सावरते आणि प्रिंटरकडे पाठवते. ऐकायला किती सोपं आहे ना, फोल्डरवर लक्ष ठेवायचं, नवीन फाईल दिसली की काम करायचं. पण ह्या एका वाक्यात मी इतकी वर्षं शिकतेय आणि एकदा ह्यातच माझ्या हातून अशी चूक झाली की ती आठवली की अजूनही पोटात गोळा येतो.

पहिली स्क्रिप्ट मी लिहिली ती अगदी छत्री घेऊन पळणाऱ्या मुलीसारखीच होती. दर मिनिटाला फोल्डरची यादी काढायची, मागच्या मिनिटाच्या यादीशी ताडून बघायची, जे जास्तीचं दिसेल ते नवीन. मग एक मिनिट झोपायचं. परत उठायचं, परत यादी. ह्याला पोलिंग म्हणतात, आणि खरं सांगते, छोट्या कामाला हे अजिबात वाईट नाही, कुठल्याही मशीनवर चालतं, कशावर अवलंबून नाही, बंद पडलं तर कळतं. फक्त गिऱ्हाईक काउंटरवर उभं असताना एक मिनिट फार मोठं असतं, आणि ते मिनिट कमी करून दोन सेकंदांवर आणलं तर मशीन दिवसभर दुसरं काही न करता यादीच काढत बसतं, त्यात लग्नसराईत फोल्डरमध्ये पाचसहा हजार फोटो साठलेले असले की यादी काढून होईपर्यंत पुढची वेळ येते.

मग कुणीतरी सांगितलं की यादी कशाला, नुसती तारीख बघ, शेवटच्या एका मिनिटात बदललेल्या फाईली दे म्हणून फाइंड कमांडला सांगायचं की झालं. केलं. आणि त्या आठवड्यात अर्धे फोटो छापलेच गेले नाहीत. का, तर विंडोजवरून फोटो कॉपी केला की तो आपली जुनी तारीख बरोबर घेऊन येतो, डिसेंबरात काढलेला फोटो मे महिन्यात माझ्या फोल्डरमध्ये पडला तरी त्याच्यावर डिसेंबरच असतं, आणि माझी स्क्रिप्ट म्हणते हा जुना आहे, सोड. लिनक्समध्ये फाईलच्या दोन तारखा वेगळ्या असतात, एक आतला मजकूर कधी बदलला त्याची, ती कॉपी करणारा प्रोग्राम मागची करून ठेवू शकतो, आणि दुसरी फाईलची नोंद कधी बदलली त्याची, तिला असा सहज हात लावता येत नाही. मी पहिली बघत होते, दुसरी बघायला पाहिजे होती. एवढाच फरक, कमांडमधल्या एका अक्षराचा, पण तो सापडायला मला चार दिवस लागले आणि चार दिवस मी प्रिंटरला दोष देत होते.

त्याच्यानंतर मला आयनोटिफाय सापडलं आणि मी अक्षरशः खुर्चीतून उठले होते. ही लिनक्सच्या कर्नलमधलीच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातलीच, सोय आहे, ऑगस्ट २००५ मध्ये २.६.१३ ह्या कर्नलबरोबर आली, जॉन मॅकक्युचन आणि रॉबर्ट लव्ह ह्या दोघांचं मुख्य काम. कल्पना अशी की तुम्ही सारखं जाऊन बघायचंच नाही. कर्नलला एकदा सांगून ठेवायचं की ह्या फोल्डरवर माझं लक्ष आहे, इथं काही झालं की मला उठव. कारण फाईल बनवणं, लिहिणं, नाव बदलणं, पुसणं हे सगळं शेवटी कर्नलच्याच हातून होतं ना, मग त्याच्यापेक्षा आधी कुणाला कळणार. ह्याच्या आधी डीनोटिफाय म्हणून एक होतं, त्यात नजर ठेवायला फोल्डर उघडं धरून बसावं लागायचं, म्हणजे पेनड्राईव्हवर नजर ठेवली तर पेनड्राईव्ह नीट काढताच यायचा नाही. फोटोवाल्याच्या दुकानात दिवसाला पन्नास पेनड्राईव्ह येतात आणि जातात, तेव्हा ही अडचण मला ताबडतोब समजली.

मी आयनोटिफायवेट ही छोटी कमांड टर्मिनलमध्ये चालू ठेवली आणि काउंटरवरच्या पोराला सांगितलं, एक फोटो टाक रे. आणि स्क्रीनवर ओळी पडायला लागल्या. क्रिएट. ओपन. मॉडिफाय, मॉडिफाय, मॉडिफाय, मॉडिफाय, कितीतरी वेळा मॉडिफाय. आणि शेवटी क्लोज राईट. एक फोटो येतो म्हणजे एवढं सगळं घडतं हे मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होते. आधी नाव जन्माला येतं, मग फाईल उघडली जाते, मग तुकड्या तुकड्यानं आत लिहिलं जातं, मग लिहिणारा हात बाजूला होतो. मला डार्करूमची आठवण आली. लाल दिव्याखाली अप्पा पेपर डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडायचे, ट्रे एका कोपऱ्याला धरून हलकेच हलवायचे, आणि कोऱ्या पेपरवर आधी केस उमटायचे, भुवया उमटायच्या, मग बाकीचा चेहरा यायचा. मी म्हणायचे अप्पा आला फोटो, काढा. ते म्हणायचे, दिसायला लागला, आला नाही अजून.

तरीपण मी काय केलं असेल, मी स्क्रिप्टला सांगितलं की क्रिएट दिसलं रे दिसलं की कामाला लाग.

म्हणजे मला धोका माहीत नव्हता असं नाही, अर्धवट फाईल उचलली जाऊ शकते हे मी वाचलं होतं, म्हणून मी एक उपाय पण घातला होता, की क्रिएट आलं की फाईलची साईज बघायची, दोन सेकंद थांबायचं, परत बघायची, साईज तेवढीच असेल तर फाईल पूर्ण आली असं धरायचं. पुष्कळ लोक हेच करतात. पण विंडोजवरून कॉपी करताना बरेचदा पहिल्यांदाच पूर्ण साईजची जागा धरली जाते, बारा एमबीचा फोटो असेल तर पहिल्या क्षणापासून फाईल बारा एमबीचीच दिसते, आत मात्र नुसती शून्यं असतात आणि खरा फोटो मागून भरत येतो. साईज दोन्ही वेळा सारखीच. वायरची लाईन होती तोपर्यंत फोटो दोन सेकंदांत येऊन जायचे म्हणून मला कधी कळलंच नाही. मग काउंटर पुढे सरकवला, वायर पुरेना म्हणून ते मशीन वायफायवर घेतलं. आणि जागा वाचावी म्हणून मी स्क्रिप्टमध्ये शेवटी अजून एक ओळ लिहून ठेवली होती, काम झालं की मूळ फाईल पुसून टाक.

मार्च २०१८ मधली गोष्ट. दिंडोरीकडचे एक बाबा आले होते, पांढरा सदरा, टोपी, बरोबर पुतण्या. रामकुंड जवळ असल्यानं आमच्याकडे अशी कामं पुष्कळ येतात, तालुक्यातून लोक दहाव्याला गंगेवर येतात, आणि फोटो मोठा करून फ्रेम करून पाहिजे असतो, बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळी. बाबांची मंडळी वारली होती. पुतण्यानं कुठल्यातरी लग्नात कॅमेऱ्यावर त्यांचा फोटो काढला होता, त्यांचा एकटीचा असा तेवढा एकच फोटो घरात. बाबा म्हणाले, "ताई, घाई नाय, पन सकाळी आठला गंगेवर पायजे." काउंटरवरच्या पोरानं मेमरी कार्ड लावलं आणि फोटो फोल्डरमध्ये टाकला. कॉपी करायच्या ऐवजी कट करून टाकला, सवयीनं, त्याला त्यात काही वावगं वाटायचं कारणच नव्हतं, मीच कधी सांगितलं नव्हतं.

प्रिंट आली. कपाळ, कुंकू, पदराची कड, डोळे. आणि डोळ्यांच्या खाली सगळा राखाडी पट्टा.

मला हाक मारली तोपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. "आलेले" मध्ये फाईल नाही, कारण माझ्या स्क्रिप्टनं पुसली. विंडोज बिचारं मागून उरलेला फोटो लिहीत होतं, लिनक्समध्ये उघडी असलेली फाईल पुसली तरी लिहिणाऱ्याला पत्ता लागत नाही, तो शेवटपर्यंत लिहितो, बंद करतो, आणि बंद केल्या क्षणी ती जागा मोकळी होते. विंडोजला वाटलं झालं पोचलं, म्हणून त्यानं कार्डावरची फाईल काढून टाकली. दोन्हीकडून नाही. आणि बाबा तिथं स्टुलावर बसलेले, हातात ती राखाडी पट्ट्याची प्रिंट धरून, मला म्हणाले, "एवढंच निघालं का?" रागानं नाही. खरंच विचारत होते.

अप्पा तेव्हा दुकानात येऊन बसायचे नुसते, गुडघ्यांमुळे काम होत नव्हतं. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही असं ते स्वतःच म्हणत. पण त्यांनी काय केलं, मशीनमधून कार्ड काढायला लावलं, कपाटातून जुन्या रोलची एक रिकामी डबी काढली, कार्ड तिच्यात ठेवलं, झाकण लावलं आणि डबी स्वतःच्या खिशात ठेवली. म्हणाले, आता ह्याला कुणी हात लावायचा नाही. छत्तीस फोटो काढून झालेला रोल कॅमेऱ्यात अडकला तर घाबरून मागचं झाकण उघडायचं नाही, उजेड लागला की सगळं गेलं, हे त्यांच्या हाताला माहीत होतं. आणि मेमरी कार्डाला अगदी हेच लागू होतं. कार्डावरून फाईल पुसली म्हणजे फक्त यादीतल्या नोंदीवर पुसल्याची खूण होते आणि कुठला तुकडा कुठं त्याची साखळी मोडते, फोटो स्वतः तिथंच पडून असतो, जोपर्यंत त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही तोपर्यंत. कुणी त्या कार्डावर एक जरी फोटो काढला असता तरी कदाचित गेला असता.

बाबांना मी घरी जायला सांगितलं नाही, खोटं काही सांगितलं नाही. म्हटलं, बाबा, माझ्याकडून चूक झालीय, फोटो पुसला गेलाय, रात्रीतून परत मिळवायचा प्रयत्न करते, मिळेलच असं आत्ता सांगू शकत नाही. पुतण्या काही बोलला, बाबांनी त्याला हातानं थांबवलं. ते पंचवटीत नातेवाईकाकडे मुक्कामाला होते.

फोटोरेक म्हणून एक फुकट प्रोग्राम आहे, फार चांगला, तो यादी बघतच नाही, कार्डाचा बाईट न् बाईट वाचत जातो आणि जेपेग फोटो जिथं सुरू होतो तिथली ठरलेली खूण शोधतो, एफएफ डी८. जे सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवायचं, त्याच कार्डावर अजिबात नाही. फक्त नावं परत येत नाहीत, सगळ्या फाईली एफ आणि पुढं मोठा आकडा अशा नावानं येतात. सोळा जीबीचं कार्ड होतं. रात्री साडेनऊला लावलं, हळूहळू आकडा वाढत होता, दोनशे, चारशे, सातशे. ह्यात आधी कधी कधी पुसलेले फोटो पण येतात, ज्यांनी मुद्दाम पुसले असतील त्यांचे, ते मोठे करून बघायचे नाहीत असं मी ठरवलं आणि फक्त छोट्या चित्रांवरून लाल पदर शोधत खाली खाली जात राहिले. अप्पा बाजूला बसून होते. चहा झाला दोनदा. एकच्या सुमाराला तो सापडला.

अर्ध्या प्रिंटमध्ये मला त्या बाई गंभीर वाटल्या होत्या, डोळे बारीक केलेले, जरा थकलेले. पूर्ण फोटोत त्या हसत होत्या. पदराचं टोक तोंडाशी धरून, कुणीतरी बाजूला काहीतरी बोललंय आणि आपण हसतोय हे कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून. डोळे त्याच्यामुळे बारीक झालेले होते. अप्पांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, रंग जास्त सावरू नको, ऊन आहे तसं राहू दे.

सकाळी साडेसातला मी स्वतः फ्रेम घेऊन गंगेवर गेले.

त्या रात्रीनंतर स्क्रिप्ट मी पहिल्यापासून लिहिली. मूळ फाईल पुसायची ओळ गेली, कायमची, आता मूळ "मूळ" नावाच्या फोल्डरमध्ये जातं आणि तिथून दर आठवड्याला दुसऱ्या डिस्कवर. क्रिएटवर काम सुरू करणं गेलं. क्लोज राईटची वाट बघायची, म्हणजे लिहिणाऱ्यानं हात काढला की मगच. पण तेवढ्यावरही मी सोडलं नाही, कारण काही प्रोग्राम फाईल उघडतात, थोडं लिहितात, बंद करतात, परत उघडतात, आणि मधल्याच क्लोजला तुम्ही फसता. म्हणून खात्रीचा मार्ग वेगळा. काउंटरवर एक छोटा प्रोग्राम बसवला, तो फोटो आधी अर्धवट अशा शेपटाच्या नावानं कॉपी करतो, पूर्ण झाला, दोन्हीकडची बेरीज, म्हणजे फाईलच्या आतल्या मजकुरावरून काढलेला ताळ्याचा आकडा, जुळली, की मग शेवटी नाव बदलून खरं नाव देतो. एकाच डिस्कवर नाव बदलणं ही गोष्ट कर्नल एका दमात करतो, अर्धं बदललं असं तिथं काही नसतंच, एक तर जुनं नाव तरी किंवा नवीन तरी. स्क्रिप्ट अर्धवट शेपूट असलेल्याकडे बघतच नाही, नाव बदलल्याची मूव्ह्ड टू ही खबर आली की उचलते. आणि छापायच्या आधी फोटोत शेवटची खूण आहे का ते बघते, जेपेगच्या शेवटी एफएफ डी९ असे दोन बाईट असतात, तिथं फोटो संपतो. हे नुसतं फाईलच्या टोकाला बघून चालत नाही, काही फोन त्याच्या पुढंही स्वतःचं काही चिकटवतात, त्यामुळे पूर्ण फोटो एकदा उलगडून बघते, थोडा वेळ जातो, जाऊ दे.

आता कुणी म्हणेल कर्नलच सांगतोय म्हटल्यावर परत बघायला जायची गरज काय. मलाही असंच वाटायचं. पण आयनोटिफाय फक्त सांगितलेल्या फोल्डरवर बघतं, त्याच्या पोटातल्या फोल्डरवर नाही. लग्नवाले फोटोग्राफर अख्खं फोल्डर आणून टाकतात, त्यात हळद, साखरपुडा, लग्न, रिसेप्शन असे वेगवेगळे फोल्डर. हळदीचं फोल्डर बनलं ही खबर स्क्रिप्टला मिळते, ती त्याच्यावर नजर लावायला जाते, आणि तेवढ्या वेळात हळदीचे पहिले पाचसहा फोटो आत पडून पण गेलेले असतात. ते कधीच कुणाला सांगितले जात नाहीत. आम्हाला कळलं कसं, तर एका अल्बममध्ये हळद सुरूच व्हायची नवरीच्या हाताला हळद लागून झाल्यावर, आईनं लावलेला पहिला हात गायब. तेव्हापासून नवीन फोल्डरवर नजर लावली की लगेच आत एकदा हातानं यादी काढायची, हा नियम.

आणि खबरांची रांग पण भरते. नेहमीच्या सेटिंगमध्ये कर्नल १६,३८४ खबरा रांगेत धरून ठेवतो, तेवढ्यात तुम्ही वाचल्या नाहीत तर पुढच्या टाकून देतो आणि फक्त एक निरोप ठेवतो, रांग ओसंडली. म्हणजे काहीतरी झालंय एवढं खरं, काय झालं ते गेलं. एका फोटोच्या मागं किती मॉडिफाय येतात ते मी पाहिलेलंच होतं, चार फोटोग्राफर एका वेळी लग्न ओतायला लागले तर हा आकडा मोठा राहत नाही. त्यामुळे ज्या खबरा लागत नाहीत त्या मागायच्याच नाहीत, मॉडिफाय नको म्हणून सांगायचं, आणि रांग ओसंडल्याचा निरोप आला की सगळं सोडून पूर्ण फोल्डर एकदा बघून घ्यायचं. मॅकवर जी सोय आहे, एफएसइव्हेंट्स, ती २००७ मध्ये आली तेव्हा तिची खबरच अशी असायची की ह्या फोल्डरमध्ये काहीतरी बदललंय, काय ते तुम्ही जाऊन बघा. मला ते वाचून बरं वाटलं होतं.

रविवार, ४ ऑगस्ट २०१९. २०१६ चा २ ऑगस्ट आम्ही भोगलेला होता, दुकानात पाणी शिरून खालचे दोन कप्पे गेले होते, त्यामुळे त्या दिवशी सकाळपासून सगळे जागे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की फोनवर मेसेज येतात, ती सोय छानच आहे, कुणी छत्री घेऊन पळायला नको. पण दुपारपर्यंत फोन अखंड वाजायला लागला. विसर्ग वाढवला. होळकर पुलाखाली पाणी अमुक. कुणी मागच्या पुराचा व्हिडिओ आजचा म्हणून टाकतोय, कुणी विचारतंय खरंय का, एकच मेसेज नऊ ठिकाणहून. मी वाचायची थांबले. अप्पा पलंगावरून म्हणाले, "मारुती बघून या कुणीतरी." माझा भाऊ गेला. परत येऊन म्हणाला, मारुती दिसतच नाहीये अप्पा. तेवढंच ऐकून आम्ही प्रिंटर उचलायला घेतला.

तर माझी स्क्रिप्ट आता दोन्ही करते. खबर आली की लगेच उठते, आणि दर पंधरा मिनिटांनी, खबर असो नसो, स्वतः उठून सगळं फोल्डर एकदा चालून येते. लाईट जाऊन परत आली, मशीन सुरू झालं, तर पहिलं काम तेच, मी नव्हते तेव्हा काय काय येऊन पडलं ते बघणं. छापून झालेल्यांची एक वही ठेवते, म्हणजे वही म्हणजे एक साधी टेक्स्ट फाईल, तिच्यात प्रत्येक फोटोची बेरीज लिहिलेली, त्यामुळे एकच फोटो खबरेतून पण मिळाला आणि फेरीत पण सापडला तरी दोनदा छापला जात नाही. आणि हे सगळं ज्या मशीनवर फोल्डर खरोखर आहे तिथंच चालवायचं, हे फार जण विसरतात, शेअर लावून दुसऱ्या मशीनवरून नजर ठेवतात आणि मग म्हणतात काहीच कळत नाही. कसं कळेल, लिहिणारा कर्नल तिकडचा, इकडच्याला कोण सांगणार.

अप्पा गेले त्याला आता चार वर्षं झाली. ती रोलची डबी मी मशीनच्या वरच्या फळीवर ठेवलीय, कधी कुणाचं कार्ड बिघडलेलं आलं की पहिल्यांदा तिच्यात जातं. काउंटरवरची पोरं बदलली, त्यांना पहिल्या दिवशी मी दोन गोष्टी सांगते, कट करायचं नाही आणि गिऱ्हाईकाला फोटो पूर्ण आला का हे स्वतः डोळ्यांनी बघितल्याशिवाय कार्ड परत द्यायचं नाही.

ते बाबा परत आले होते, वर्षश्राद्धाच्या वेळी. मी ओळखलं, त्यांनीही ओळखलं. म्हणाले, "ताई, तो फोटो हाय का अजून? तिन्ही लेकींना एकेक द्यायचाय." मी "मूळ" उघडलं. बाकी सगळ्या फाईलींना तारखेची, नावांची व्यवस्थित लेबलं आहेत, त्या एका फाईलचं नाव अजून तेच आहे, एफ आणि आकडा, मी बदललं नव्हतं. बाबा स्टुलावर बसले. मी फाईल फोल्डरमध्ये टाकली, कॉपी तीन लिहिलं, आणि आम्ही दोघं आतल्या खोलीतून प्रिंटर सुरू झाल्याचा आवाज येतोय का ते ऐकत थांबलो.